अँटिव्हायरस बदलायचाय? आधी जुना मुळासकट काढा

प्रश्न असा आहे: विंडोज ११ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, घरात चौघं वापरतात. लॅपटॉप घेताना दुकानदाराने टाकून दिलेल्या अँटिव्हायरसची ३ वर्षांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे. लॅपटॉपसोबत आलेली दुसऱ्या एका कंपनीची ट्रायलही तशीच पडून आहे, अधूनमधून ‘रिन्यू करा’ म्हणून वर येते. तेच रिन्यू करावं, दुसरं घ्यावं, की काहीच न घेता विंडोजच्या भरवशावर राहावं? आणि बदलायचं तर नेमकं कसं?

निवडीबद्दलचं उत्तर सोपं आहे. घरच्या बहुतेक मशीनना विंडोजमध्येच असलेलं डिफेंडर पुरतं. फक्त विंडोजला अपडेट मिळत असले पाहिजेत, डिफेंडरच्या काही सेटिंग्ज स्वतः तपासल्या पाहिजेत आणि फोटो-कागदपत्रांची एक प्रत मशीनच्या बाहेर असली पाहिजे. विकतचं कधी घ्यावं ते पुढे लिहितो. पण तुमच्याकडे त्याआधीचा एक प्रश्न आहे: आत्ता त्या लॅपटॉपमध्ये दोन अँटिव्हायरस आहेत. त्यांचा निकाल लावल्याशिवाय तिसरं काही टाकू नका. अँटिव्हायरस बदलल्यावर मशीन अडकणं, इंटरनेट जाणं, निळी स्क्रीन येणं हे जे प्रकार होतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा नव्या प्रोग्रॅममध्ये नसतं, अर्धवट काढलेल्या जुन्यात असतं.

दोन एकत्र का नांदत नाहीत

अँटिव्हायरस हा साधा प्रोग्रॅम नाही. तो विंडोजच्या गाभ्यात एक फिल्टर ड्रायव्हर बसवतो. तुम्ही एक्सेलची फाइल उघडली, की ती एक्सेलच्या हाती पडण्याआधी हा फिल्टर मध्ये थांबवतो, तपासतो आणि मग पुढे सोडतो. असे दोन फिल्टर एकामागे एक बसले की प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. त्याहून वाईट म्हणजे एकाने तपासायला फाइल उघडली, की ते उघडणं दुसऱ्याला दिसतं आणि तोही तपासायला धावतो. कधी दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि माऊस हलतो पण काहीच उघडत नाही, अशी अवस्था येते. एकाने पकडून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइल कोंडून ठेवायच्या जागी, टाकलेली फाइल दुसऱ्याला ‘व्हायरस’ म्हणून सापडते आणि त्याच इशाऱ्यांची माळ लागते.

डिफेंडर मात्र या भांडणात पडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसने विंडोज सिक्युरिटी सेंटरकडे आपलं नाव नोंदवलं, की घरगुती विंडोजमध्ये डिफेंडर आपोआप बाजूला होतं आणि ते नाव निघालं की परत कामाला लागतं. म्हणूनच जुना काढणं आणि नवा टाकणं यांच्यामध्ये मशीन उघडं पडत नाही, पण ती नोंद नीट निघाली असेल तरच.

मुदत संपलेल्या प्रोग्रॅमचा धोका वेगळा आहे. काही कंपन्या मुदत संपल्यावर पहाराच बंद करतात. काही पहारा चालू ठेवतात, पण नव्या व्हायरसच्या व्याख्या, म्हणजे त्यांना ओळखायच्या खुणा, येणं थांबतं. दुसऱ्या प्रकारात टास्कबारवर कंपनीचं चिन्ह दिसत राहतं आणि घरातल्यांना वाटतं सगळं सुरळीत आहे. सध्या नक्की कोण पहाऱ्यावर आहे ते बघायला विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली डावीकडच्या सेटिंग्जमध्ये जा आणि मॅनेज प्रोव्हायडर्स दाबा. तिथे अँटिव्हायरस, फायरवॉल, वेब प्रोटेक्शन अशा प्रत्येक कामासमोर कुणाचं नाव आहे आणि ते चालू आहे की बंद, हे दिसतं. तिथे दोन परकी नावं दिसली तर वर लिहिलेलं दुखणं तुमच्याकडे आहेच असं समजा.

काढण्याआधी हाताशी काय हवं

सगळ्यात आधी, मशीनला खरंच लागण झालेली नाही ना ते बघा. अँटिव्हायरसची खिडकी उघडताच बंद होते, सेटिंग्ज राखाडी झाल्या आहेत, अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट तेवढ्या उघडत नाहीत, अशी लक्षणं असतील तर आत्ता अदलाबदल करू नका. आधी विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग स्कॅन ऑप्शन्स, आणि तिथे शेवटी असलेलं डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते मशीन रीस्टार्ट करून विंडोज उठण्याआधीच तपासणी करतं, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणारं सॉफ्टवेअरही सापडतं. साधारण १५ मिनिटं लागतात. निकाल परत विंडोजमध्ये आल्यावर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही सफाईची साधनं फुकट मिळतात.

मशीन निरोगी असेल तर पुढची जमवाजमव करा.

लायसन्स की, ती कोणत्या ईमेलवर नोंदवली आहे आणि किती दिवस उरले आहेत, हे वहीत लिहून घ्या. डब्यावरची स्क्रॅच केलेली पट्टी असेल तर तिचा फोटो काढा. बहुतेक कंपन्या एका कीवर ठरावीक मशीनच चालू देतात. त्यामुळे तेच लायसन्स पुढे दुसऱ्या मशीनवर वापरायचं असेल, तर कंपनीच्या खात्यात जाऊन हे मशीन यादीतून काढा, नाहीतर ‘मर्यादा संपली’ असं उत्तर मिळतं.

अँटिव्हायरसमधली तिजोरी हा हमखास विसरला जाणारा भाग. अनेक पॅकेजमध्ये पासवर्ड मॅनेजर आणि फाइल ठेवायची कुलूपबंद तिजोरी असते. घरातल्या कुणी आधार, पॅन, विमा पॉलिसीची स्कॅन त्यात ठेवली असतील आणि प्रोग्रॅम काढला, तर त्या फाइल डिस्कवर राहूनही उघडता येत नाहीत. आधी तिजोरी उघडून सगळं साध्या फोल्डरमध्ये काढा, पासवर्ड एक्स्पोर्ट करा आणि ते नव्या जागी भरून झाल्यावर एक्स्पोर्टची फाइल कायमची पुसा, कारण त्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. क्वारंटाइनही एकदा चाळा. त्यात तुमचीच एखादी निर्दोष फाइल चुकून अडकली असेल तर आत्ताच ठरवा, कारण प्रोग्रॅमसोबत क्वारंटाइनही जातं. शंका असेल तर ती फाइल जाऊ द्या.

तिसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे सेफ मोडची, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करायची, वेळ आली तर निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या यादीत मिळते. दुसऱ्या फोनवर उघडून बघा आणि कागदावर उतरवून घ्या. सोबत मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्डही आठवतो ना ते तपासा, कारण सेफ मोडमध्ये नेहमीचा चार आकडी पिन चालेलच याची खात्री नसते.

आणि अर्थात बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि ब्राउझरचे बुकमार्क एवढं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून ठेवा.

काढायची पद्धत

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. आधी ट्रायल काढा, रीस्टार्ट करा, मगच मुदत संपत आलेला मुख्य प्रोग्रॅम काढा आणि परत रीस्टार्ट करा. दोन्ही एका दमात काढू नका, कारण दोघांचेही ड्रायव्हर पुढच्या रीस्टार्टला निघायच्या रांगेत उभे असतात आणि एकाची सफाई दुसऱ्याच्या स्वसंरक्षणात अडकते.

रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. शटडाऊन करून परत बटण दाबणं इथे चालत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनच्या वेळी गाभ्याची अवस्था डिस्कवर जतन होते आणि तीच परत उचलली जाते, म्हणजे जुना ड्रायव्हर जिथल्या तिथे राहतो. ‘शटडाऊन करून पाहिलं, तरी तसंच आहे’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

काढताना प्रोग्रॅम विचारतो की सेटिंग्ज ठेवायच्या का, लायसन्सची माहिती ठेवायची का. कंपनी बदलायची असेल तर काहीही ठेवू नका. उदाहरणार्थ, पुण्याच्या क्विक हीलमध्ये दोन पर्याय येतात: एकात अपडेटच्या व्याख्या आणि लायसन्सची माहिती मागे राहते, दुसऱ्यात सगळं जातं. तेच क्विक हील पुन्हा टाकायचं असेल तर पहिला पर्याय, बदलायचं असेल तर दुसरा. पासवर्ड लावलेला असेल तर काढण्याआधी तो विचारला जातो. दुकानदाराने लावलेला असेल तर त्यालाच विचारा. काही प्रोग्रॅम मध्येच ‘एवढी सवलत देतो, थांबा’ अशी खिडकी दाखवतात आणि त्यात थांबण्याचं बटण मोठं, काढण्याचं बारीक असतं. नीट वाचून दाबा. इंटरनेट चालू ठेवा, म्हणजे लायसन्स मोकळं झाल्याचं कंपनीच्या सर्व्हरला कळतं.

इन्स्टॉल्ड ॲप्समधून नाव गेलं म्हणजे प्रोग्रॅम गेला असं नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःचं सफाईचं साधन फुकट देतात: मॅकॅफीचं एमसीपीआर, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल, अवास्टचं अवास्ट क्लिअर, कॅस्परस्कीचं केएव्ही रिमूव्हर, ईसेटचं अनइन्स्टॉलर. ते त्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणारी ‘बेस्ट अनइन्स्टॉलर’ आणि रजिस्ट्री क्लीनरची दुकानं टाळा. त्यांना कोणत्या कंपनीचा कोणता ड्रायव्हर कशावर अवलंबून आहे हे ठाऊक नसतं. ते नोंद पुसतात, ड्रायव्हर ठेवतात किंवा उलट करतात, आणि पुढच्या वेळी विंडोज उठत नाही.

काही साधनं सेफ मोडमध्येच नीट चालतात. त्यासाठी शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आल्यावर ४ दाबा. इंटरनेट लागणार असेल तर ५. याच वाटेवर बिटलॉकरची की विचारली जाते.

मागे काय राहिलं ते कसं ओळखायचं

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा. काळ्या खिडकीत एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. फिल्टर ड्रायव्हरची एक छोटी यादी येते: पहिल्या रकान्यात नाव, मग चालू प्रतींची संख्या, मग ‘अल्टिट्यूड’ नावाचा एक आकडा. हा आकडा म्हणजे रांगेतली जागा. विंडोजने अँटिव्हायरससाठी ३,२०,००० ते ३,२९,९९९ हा पट्टा राखून ठेवला आहे. डिफेंडरचा डब्ल्यूडीफिल्टर ३२८०१० वर बसतो. तुमचं मशीन स्वच्छ असेल तर या पट्ट्यात तेवढं एकच नाव दिसलं पाहिजे. जुन्या कंपनीचं नाव किंवा त्याचं संक्षिप्त रूप अजून तिथे असेल, तर सफाईचं साधन पुन्हा चालवा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि नवा प्रोग्रॅम टाकण्याआधी करावीच, इतकी मोलाची आहे.

इंटरनेटचे दोन घोटाळे वारंवार दिसतात. पहिला: वायफाय जोडलेलं, पण एकही पान उघडत नाही. जुन्या फायरवॉलचा नेटवर्क फिल्टर अर्धा तुटलेला असतो, किंवा प्रॉक्सीची (इंटरनेट मधल्या एका सर्व्हरमार्फत नेण्याची) सेटिंग मागे राहिलेली असते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे प्रॉक्सी बंद असल्याची खात्री करा. तरी नाही जमलं तर ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट वापरा. त्याने वायफायचे साठवलेले पासवर्ड जातात, तेव्हा राउटरचा पासवर्ड हाताशी ठेवा.

दुसरा: फक्त बँकेच्या आणि इतर सुरक्षित साइटवर ‘सर्टिफिकेट’चा इशारा येतो. काही अँटिव्हायरस सुरक्षित पानांच्या आत डोकावण्यासाठी विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची हमी देणारं मूळ प्रमाणपत्र) बसवतात आणि प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट बदलून आपलं दाखवतात. प्रोग्रॅम अर्धवट निघाला की ही साखळी तुटते. विंडोज आणि आर दाबून सर्टएमजीआर डॉट एमएससी (certmgr.msc) चालवा आणि ट्रस्टेड रूटच्या यादीत त्या कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट शोधा. नाव नक्की ओळखलं असेल तरच काढा. इशारा आलेला असताना ‘तरीही पुढे जा’ दाबून नेटबँकिंग कधीही करू नका.

ब्राउझरकडेही बघा. जुन्या पॅकेजने टाकलेली एक्स्टेन्शन, बदललेलं सर्च इंजिन, ‘सेफ ब्राउझर’ नावाचा वेगळा ब्राउझर हे प्रत्येक यूजरच्या खात्यात वेगळं असतं. चौघं वापरत असाल तर चारही खात्यांत जाऊन काढावं लागेल.

डिफेंडरवर राहायचं तर

सगळं नीट निघालं असेल तर डिफेंडर आपोआप चालू झालेलं दिसेल. तसं न होता ‘हे तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाचा मजकूर दिसला, तर जुन्या प्रोग्रॅमची नोंद किंवा एखादी पॉलिसी मागे राहिली आहे. सफाईचं साधन परत चालवूनही फरक पडला नाही, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेटच्या मदतीने विंडोज पुन्हा बसवायची सोय आहे. त्यात तुमच्या फाइल, ॲप आणि सेटिंग्ज राहतात. मशीन फॉरमॅट मारायची घाई करू नका.

आता सेटिंग्ज. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज उघडा. रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन, हे सगळे चालू हवेत. टॅम्पर प्रोटेक्शन बंद असेल तर एखादं घातक सॉफ्टवेअर गुपचूप डिफेंडरच बंद करू शकतं. मग ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, आणि त्यात ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप’ अडवण्याचे दोन्ही चौकोन टिचकी मारून ठेवा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत येणारा कचरा इथे अडतो.

व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जच्या पानावर खाली एक्स्क्लुजन्स आहे, म्हणजे ‘इथे तपासू नकोस’ अशी यादी. घरच्या मशीनवर ती रिकामी असली पाहिजे. ही यादी मी सगळ्यात आधी बघायला सांगेन, कारण नकली विंडोज किंवा क्रॅक केलेलं ऑफिस बसवताना तो ॲक्टिव्हेटर (नकली प्रत खरी भासवणारा प्रोग्रॅम) पकडला जाऊ नये म्हणून त्याचं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्हच या यादीत टाकला जातो. तो ज्याने टाकला तो निघून जातो, पण सूट कायम राहते. मग तुम्ही कोणताही अँटिव्हायरस घ्या, डिफेंडरचा दरवाजा उघडाच असतो. यादीत काही सापडलं तर ते काढा, फुल स्कॅन लावा, आणि विंडोज खरं आहे ना हे सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशनमध्ये पाहा.

रॅन्समवेअर म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस सुरुवातीला बंद असतं. ते चालू केलं की ओळखीचे नसलेले प्रोग्रॅम डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये लिहू शकत नाहीत. फायदा मोठा आहे, पण त्रासही होतो: जुना फोटो एडिटर किंवा एखादा गेम ‘सेव्ह होत नाही’ म्हणेल. तेव्हा ‘अलाऊ ॲन ॲप’मधून तेवढ्यालाच परवानगी द्या. मुलांच्या गेममुळे वैतागून अख्खी सोय बंद केली जाते, ते करू नका.

मशीन हळू चालत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर आलेलं दिसेल. तेच डिफेंडर. ठरलेल्या स्कॅनच्या वेळी ते साधारण प्रोसेसरच्या निम्म्यापर्यंत जातं आणि मशीन मोकळं असतानाच चालायचा प्रयत्न करतं. फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र कोणताही अँटिव्हायरस जड पडतो. तिथे दुसऱ्या कंपनीवर पैसे घालण्याऐवजी एसएसडी बसवा. फरक लगेच कळतो.

नवा पहारेकरी जागा आहे का, हे तपासायला आयकार नावाची चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, पण सगळे अँटिव्हायरस ठरवून त्याला व्हायरस मानतात. त्या संस्थेच्या वेबसाइटवरून ती उतरवायला गेलात की डाउनलोड अडलं पाहिजे. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हा प्रयोग नको, तिथे आयटीवाल्यांकडे खरा इशारा जातो.

आणखी एक सेटिंग अँटिव्हायरसमध्ये नाही, पण तितकीच कामाची आहे: चौघांसाठी चार खाती करा आणि ॲडमिनिस्ट्रेटर एकच ठेवा. मुलाने चुकून काही चालवलं तर ते अख्ख्या मशीनवर बसायला पासवर्ड मागेल आणि तिथेच थांबेल.

विकतचं घ्यायचंच असेल तर

एकाच लायसन्समध्ये घरातले फोन, मॅक आणि विंडोज सगळं सांभाळायचं असेल, मुलांच्या वेळेवर आणि साइटवर एका जागेवरून लक्ष ठेवायचं असेल, किंवा अडलं तर मराठी-हिंदीत बोलणारा माणूस फोनवर हवा असेल, तर विकतचं घेण्यात अर्थ आहे. फक्त ‘जास्त व्हायरस पकडतो’ या दाव्यावर घेऊ नका. जर्मनीच्या माग्डेबुर्गमधली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुकमधली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन स्वतंत्र प्रयोगशाळा नियमित निकाल छापतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. त्यात डिफेंडर सातत्याने वरच्या गटात असतं. तुमच्या मनातल्या प्रोग्रॅमचा वेगाचा रकाना आणि निर्दोष फाइलला व्हायरस ठरवण्याचा आकडा आवर्जून पाहा, कारण रोजचा त्रास तिथूनच सुरू होतो.

कंपनीचा इतिहासही बघावा. फुकट अँटिव्हायरसचा खर्च कुठून तरी निघत असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला ग्राहकांचा ब्राउझिंगचा डेटा जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट: तिथे कॅस्परस्कीवर बंदी आहे आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर त्याचे अपडेट बंद झाले. तिथल्या ग्राहकांना अल्ट्राएव्ही या दुसऱ्या अँटिव्हायरसकडे वळवण्यात आलं. तिथल्या मशीनवर जुनं कॅस्परस्की पडून असेल तर ते काढा.

रिन्यूअलबद्दल तुमच्या प्रश्नातला व्यवहाराचा भाग. तेच उत्पादन आवडलं असेल तर रिन्यू करायला हरकत नाही, पण आधी त्याची नवी आवृत्ती टाका. ३ वर्षांपूर्वीचीच आवृत्ती नव्या कीवर पुढे ढकलू नका. नव्या विंडोजशी जुन्या ड्रायव्हरचं जमत नाही. आणि कंपनीच्या साइटवर पहिल्या वर्षाचा भाव वेगळा, रिन्यूअलचा वेगळा असतो. दोन्ही बघूनच ठरवा.

प्रोग्रॅम काढला तरी वर्गणी थांबत नाही. कार्डावर किंवा यूपीआयवर ऑटोपे लावलेलं असेल तर पैसे पुढच्या वर्षीही जातात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना नव्याने ओटीपी लागत नाही. म्हणून बँकेचा तो एसएमएस वाचा. कंपनीच्या खात्यातलं ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीतून किंवा बँकेच्या साइटवरून मँडेटही, म्हणजे पैसे कापायची परवानगीही, रद्द करा. दोन्हीकडे.

मुदत संपल्याचे खोटे इशारे

नेमक्या याच आठवड्यांत सावध राहावं लागतं. उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा अँटिव्हायरस संपला, मशीनमध्ये ५ व्हायरस’ अशी खिडकी येते, आणि ती कोणत्या कंपनीची हेही लगेच कळत नाही. खिडकीत बारीक अक्षरांत क्रोम किंवा एज आणि एखाद्या साइटचं नाव दिसलं, तर तो अँटिव्हायरस नाही. कुठल्यातरी साइटला कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथून त्या साइटची परवानगी काढा, खिडक्या बंद होतात. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

ईमेलने येणारं ‘तुमचं रिन्यूअल झालं, पैसे कापले, नको असेल तर या नंबरवर फोन करा’ हे बिल हा त्याहून महागात पडणारा प्रकार. फोन केला की समोरचा माणूस रिफंडसाठी म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो आणि नेटबँकिंग उघडायला लावतो. खरं काय ते बँकेच्या खात्यात बघा, मेलमधल्या नंबरवर कधीही फोन करू नका. घरात आई-वडील हा लॅपटॉप वापरत असतील तर त्यांना हे एकदा शेजारी बसून दाखवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात.

घरात जुनं मशीनही असेल तर

अनेक घरांत एक जुना डेस्कटॉप मुलांच्या अभ्यासाला ठेवलेला असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, विंडोज अपडेटच्या पानावरून तिची नोंदणी होते. डिफेंडरच्या व्याख्या विंडोज १० ला त्यानंतरही मिळत राहतील, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२८ पर्यंतचा शब्द दिला आहे. पण व्याख्या म्हणजे विंडोजमधली भोकं बुजवणं नव्हे. अँटिव्हायरस ओळखीचा चोर पकडतो, कडी तुटलेली खिडकी बसवत नाही. विंडोज ७ ला तर १४ जानेवारी २०२० नंतर घरगुती वापरासाठी अपडेट नाहीत. त्यावर कितीही महाग अँटिव्हायरस टाकलात तरी नेटबँकिंग आणि ईमेल त्यावर करू नका. ते मशीन इंटरनेटशिवाय टायपिंग आणि छपाईसाठी ठेवा, आणि लॅपटॉपच्या बॅकअपची डिस्क त्याला कधीही जोडू नका.